काही नाही रे, सिलिंडर उचलला ना! : स्कूबा डायव्हिंग आणि रक्तातले बुडबुडे

(या एपिसोडचं शब्दांकन. बोलताना अडखळलो ते काढून टाकलंय, बाकी बोललो तसंच ठेवलंय. शेवटी तुमचे प्रश्न घेतलेत.)

००:००



एक प्रश्न विचारतो. मालवणला स्कूबा करून आलेल्या मित्राचा पाण्याखालचा फोटो आठवा. मास्क, तोंडात रेग्युलेटर, आजूबाजूला पट्टेरी मासे, आणि दोन्ही हातांचे अंगठे वर. म्हणजे 'एकदम भारी!' बरोबर?

डायव्हिंगच्या भाषेत चूक. पाण्याखाली अंगठा वर केला तर त्याचा अर्थ 'मला वर जायचंय' असा होतो. 'सगळं ठीक' सांगायचं असेल तर अंगठा आणि तर्जनी जोडून गोल करायचा. कोर्समध्ये पहिल्याच दिवशी हे शिकवतात. वर जाणं हीच डायव्हिंगमधली सगळ्यात जोखमीची गोष्ट आहे, त्यामुळे त्यासाठी वेगळी खूण असणं भागच आहे. आजचा एपिसोड त्या 'वर जाण्या'बद्दल.

आधीच सांगतो, मी डॉक्टर नाही. कोड लिहिणारा माणूस आहे, हौसेने डायव्हिंग शिकलो, आणि एकदा चांगलाच घाबरलो. तेव्हापासून हा विषय वाचतोय.

०१:१०  त्या संध्याकाळी काय झालं

आम्ही तिघं मित्र अंदमानला गेलो होतो. हॅवलॉकवर, म्हणजे आताच्या स्वराज द्वीपवर, तीन दिवस डायव्हिंग केलं. शेवटची डाइव्ह तिसऱ्या दिवशी सकाळी अकराच्या सुमाराला संपली. दुपारच्या फेरीने पोर्ट ब्लेअर, दुसऱ्या दिवशी सकाळी आठचं विमान. मध्ये एकवीस तास. सगळं नियमात.

फेरीमध्ये एक मित्र उजवा खांदा चोळत बसला होता. विचारलं तर म्हणाला, "काही नाही रे, सिलिंडर उचलला ना सकाळी." पटण्यासारखंच होतं. हॉटेलवर गेल्यावर दुखणं वाढलं. मी काय केलं? बॅगेतली पेनकिलर काढून दिली. वर म्हणालो, "झोप, सकाळी उठायचंय."

रात्री दहाला तो बाथरूममधून बाहेर आला आणि म्हणाला, "यार, बोटांना मुंग्या येतायत." तेव्हा आमची ट्यूब पेटली. इन्स्ट्रक्टरला फोन लावला. त्याने दोनच गोष्टी विचारल्या: दुखायला कधी लागलं, आणि मुंग्या कुठे येतायत. मग म्हणाला, "सकाळची वाट बघू नका. आत्ता निघा." नौदलाच्या रुग्णालयात दाबाचं चेंबर होतं, तिथे त्याला जवळपास पाच तास ठेवलं. विमान आमच्याशिवाय गेलं. मित्र पूर्ण बरा झाला.

त्याने एकही नियम मोडला नव्हता. त्याच्या मनगटावरचं डाइव्ह कॉम्प्युटर एकदाही ओरडलं नव्हतं. चूक झाली ती पाण्याबाहेर आल्यावर. दुपारी तीन ते रात्री दहा, असे सात तास आम्ही त्या दुखण्याला दुसरंच नाव देत बसलो, आणि त्यात माझा हात मोठा होता.

०३:२०  गोटी सोडा

आता हे होतं कसं ते बघू.

पहिला गैरसमज: डायव्हरच्या पाठीवर 'ऑक्सिजन सिलिंडर' असतो. पेपरातसुद्धा असंच छापून येतं. हौशी डायव्हिंगमध्ये साधारणपणे त्यात आपण आत्ता घेतोय तीच हवा असते, दाबून भरलेली. साधारण ७८ टक्के नायट्रोजन, २१ टक्के ऑक्सिजन. शुद्ध ऑक्सिजन तर सहा-एक मीटरच्या खाली विषारी ठरू शकतो, झटके येऊ शकतात.

आता दाब. समुद्राच्या पातळीवर आपल्यावर एक वातावरणाचा दाब असतो. पाण्यात दर १० मीटरला त्यात एकाची भर पडते. १० मीटरवर दोन, २० वर तीन, ३० वर चार. रेग्युलेटर आपल्याला त्याच दाबाची हवा देतो, नाहीतर छाती फुगवताच येणार नाही. म्हणजे ३० मीटरवर प्रत्येक श्वासात पृष्ठभागापेक्षा चौपट नायट्रोजन आत जातो.

ऑक्सिजन शरीर वापरतं. नायट्रोजनचं काही करत नाही, तो नुसता विरघळून राहतो. रक्तात, स्नायूंत, चरबीत, सांध्यांत. दाब जितका जास्त आणि वेळ जितका जास्त, तितका तो जास्त मुरतो.

आता गोटी सोडा आठवा. गोटी आत ढकलेपर्यंत बाटलीत बुडबुडा दिसत नाही. गॅस आहे, पण दाबाखाली विरघळलेला. गोटी ढकलली, दाब गेला, की फस्स! तोच गॅस बुडबुडे होऊन बाहेर. बाटली अगदी हळूहळू उघडली असती तर गॅस निवांत निघून गेला असता.

डायव्हर हळू वर आला तर नायट्रोजन रक्तातून फुप्फुसांत आणि तिथून उच्छ्वासातून बाहेर पडतो. घाईने आला तर तो शरीरातच बुडबुडे करतो. हे बुडबुडे रक्तवाहिन्या अडवतात, आजूबाजूच्या भागांना इजा करतात, सूज आणतात. सांध्यात झालं तर दुखतं. पाठीच्या मज्जारज्जूत झालं तर पाय लुळे पडू शकतात. याला म्हणायचं डीकम्प्रेशन सिकनेस. डायव्हर लोक 'बेंड्स' म्हणतात.

०५:४०  शेवटचे दहा मीटर

इथे एक छोटं गणित करू. ३० मीटरवरून २० वर आलात तर दाब चारवरून तीनवर येतो, म्हणजे पाव भागाने कमी. १० मीटरवरून थेट पृष्ठभागावर आलात तर दोनवरून एक, म्हणजे निम्मा! अंतर तेवढंच, दहा मीटर. पण दाबातला सगळ्यात मोठा बदल शेवटच्या टप्प्यात होतो, जिथे सूर्यप्रकाश दिसायला लागतो, बोटीचा तळ दिसतो आणि माणूस नकळत पाय जोरात मारायला लागतो.

म्हणून दोन सवयी. एक, वर येण्याचा वेग मिनिटाला ९ मीटरच्या आसपास ठेवायचा. आपल्याच बारीक बुडबुड्यांच्या मागे रहायचं, त्यांना ओलांडायचं नाही. दोन, ५ मीटरवर तीन मिनिटं थांबायचं. याला सेफ्टी स्टॉप म्हणतात. नवशिक्याला ती तीन मिनिटं कंटाळवाणी वाटतात. मला आता तीच आवडतात.

०६:५०  पुलाखालचे मजूर आणि पाय उचलणाऱ्या शेळ्या

या आजाराची ओळख फक्त समुद्रात नाही, पुलांच्या पायातही झाली. न्यूयॉर्कचा ब्रुकलिन ब्रिज बांधताना नदीच्या तळाशी प्रचंड लाकडी पेट्या उलट्या बसवल्या होत्या. पाणी आत येऊ नये म्हणून त्यात दाबाखाली हवा सोडायची आणि मजुरांनी आत उतरून गाळ खणायचा. पाळी संपली की मजूर वर यायचे, आणि मग कुणाचे सांधे जखडायचे, कुणाचे पाय जायचे. वेदनेने वाकून चालणारे मजूर, त्यावरून ते 'बेंड्स' नाव पडलं.

पुलाचा मुख्य अभियंता वॉशिंग्टन रोबलिंग स्वतः १८७२ मध्ये या आजाराने खाटेला खिळला. पुढची अकरा वर्षं त्याची बायको एमिली रोबलिंग त्याच्या सूचना घेऊन साइटवर जायची, अभियंत्यांशी बोलायची, काम पुढे न्यायची. पूल १८८३ मध्ये खुला झाला. तोवर फ्रान्समध्ये पॉल बेर या शास्त्रज्ञाने १८७८ मध्ये मांडलं होतं की हे सगळं नायट्रोजनच्या बुडबुड्यांमुळे होतं.

मग आला जॉन स्कॉट हाल्डेन. ब्रिटिश नौदलाला पाणबुड्यांसाठी नियम हवे होते. हाल्डेनने शेळ्यांना दाबाच्या टाकीत ठेवलं, वेगवेगळ्या वेगाने दाब कमी केला आणि निरीक्षण केलं. शेळीचा सांधा दुखला की ती पुढचा पाय उचलून धरते. किती साधी खूण! शेळी मात्र कधी म्हणत नाही, "काही नाही, सिलिंडर उचलला." १९०८ मध्ये त्याने टप्प्याटप्प्याने वर येण्याची कोष्टकं प्रसिद्ध केली.

त्याचा मुलगा जे. बी. एस. हाल्डेन, जीवशास्त्रातलं मोठं नाव. शाळकरी वयात वडिलांच्या प्रयोगांसाठी तोही पाण्याखाली गेला होता, आणि पुढे दुसऱ्या महायुद्धाच्या काळात त्याने दाबाच्या चेंबरमध्ये स्वतःवरच प्रयोग करून घेतले. १९५७ मध्ये तो भारतात आला, कोलकात्याच्या भारतीय सांख्यिकी संस्थेत काम केलं, आणि १९६४ मध्ये भुवनेश्वरला वारला.

०९:१०  मनगटावरचं कॉम्प्युटर काय मोजतं?

हा माझा आवडता भाग, कारण इथे माझा धंदा येतो.

हाल्डेनची कल्पना अशी: शरीराचे सगळे भाग एकाच वेगाने नायट्रोजन घेत नाहीत. रक्ताचा पुरवठा भरपूर असलेले भाग पटकन भरतात आणि पटकन रिकामे होतात. चरबी, सांध्यांभोवतीचे भाग हळू. त्याने पाच काल्पनिक कप्पे धरले आणि प्रत्येकाला 'अर्धा भरायला लागणारा वेळ' दिला: ५, १०, २०, ४० आणि ७५ मिनिटं.

५ मिनिटांचा कप्पा घ्या. पाच मिनिटांत ५० टक्के भरतो. पुढच्या पाच मिनिटांत उरलेल्याचा निम्मा, म्हणजे ७५. मग ८७.५. फोन चार्जिंगला लावल्यासारखं. सुरुवातीला धडाधड, शेवटी रांगत. रिकामं होतानाही तसंच.

आजच्या अनेक डाइव्ह कॉम्प्युटरमध्ये स्विस डॉक्टर ब्यूलमान यांचं १६ कप्प्यांचं मॉडेल चालतं. दर काही सेकंदांनी यंत्र खोली वाचतं, सोळाही कप्प्यांचा हिशेब करतं आणि सांगतं, 'इथे अजून एवढी मिनिटं थांबू शकतोस.' कोड म्हणाल तर एका लूपमध्ये मावेल.

पण नीट ऐका. यंत्राला माहीत असतात खोली, वेळ आणि फार तर पाण्याचं तापमान. तुम्ही रात्री चार तास झोपलात, पाणी प्यायला नाहीत, आदल्या रात्री बिअर झाली, खाली प्रवाहाविरुद्ध दमछाक झाली, वर येताना थंडीने कुडकुडलात, यातलं त्याला काहीही कळत नाही. ते तुमच्या रक्तातले बुडबुडे मोजत नाही. एका काल्पनिक माणसाचा हिशेब तुमच्या मनगटावर दाखवतं, एवढंच.

आणखी एक गोष्ट. साधारण चारातल्या एका माणसाच्या हृदयात, उजव्या आणि डाव्या कप्प्यामध्ये, जन्माआधीची एक छोटी झडप पूर्ण बंद झालेली नसते. एरवी काही त्रास नाही. पण फुप्फुसांत गाळले जाणारे बुडबुडे त्या वाटेने थेट धमन्यांत जाऊ शकतात. बहुतेकांना हे असल्याचं ठाऊकही नसतं.

घाबरवत नाहीये. हौशी डायव्हिंगमध्ये हा आजार दुर्मिळ आहे. दहा हजार डाइव्हमागे एका हाताच्या बोटांवर मोजता येतील इतक्या घटना. पण यंत्र ओरडलं नाही म्हणजे मला झालेलं नाही, हा तर्क चुकीचा आहे. आम्ही नेमका तोच केला.

११:३०  ओळखायचं कसं, करायचं काय

लक्षणं बहुतेक वेळा वर आल्यावर काही तासांत दिसतात. चोवीस तासांनंतर पहिल्यांदा दिसणं विरळा, मात्र नंतर विमानात बसलात तर तेव्हाही उसळू शकतात. काय बघायचं?

– खांदा, कोपर, गुडघ्यात खोल, ठसठसणारं दुखणं, जे हात-पाय कसाही ठेवला तरी थांबत नाही.
– अंगाला खाज, पोटावर किंवा दंडावर जांभळट जाळीदार चट्टे.
– डाइव्हच्या मानाने फारच जास्त थकवा.
– मुंग्या, बधिरपणा, हातापायातली ताकद जाणं, चक्कर, बोलताना अडखळणं, लघवी न होणं. यातलं काहीही दिसलं तर एक मिनिट घालवायचं नाही.

करायचं काय? बोलायचं. डाइव्ह सेंटरला लगेच सांगायचं. मास्कने १०० टक्के ऑक्सिजन द्यायचा, कारण त्याने नायट्रोजन बाहेर पडायला जोर मिळतो. आडवं झोपवायचं. शुद्धीत असेल, गिळता येत असेल तर पाणी द्यायचं. आणि डायव्हिंगची माहिती असलेल्या डॉक्टरांपर्यंत पोचायचं.

ऑक्सिजनने बरं वाटलं म्हणजे विषय संपला असं नाही. लक्षणं परत येऊ शकतात, तपासणी करायचीच. पेनकिलर देऊन दुखणं झाकायचं नाही. आणि 'परत खाली जाऊ, दाब वाढला की बरं वाटेल' हा शहाणपणा तर अजिबात नको.

खरा उपचार म्हणजे चेंबर. रुग्णाला आत बसवून १८ मीटर खोलीइतका दाब देतात, ऑक्सिजन देतात आणि मग तासांच्या हिशेबाने हळूहळू दाब उतरवतात. नेहमीचा कार्यक्रम पावणेपाच तासांचा असतो. थोडक्यात काय, घाईने उघडलेली बाटली पुन्हा बंद करून सावकाश उघडायची. आपल्याकडे असे चेंबर मोजक्या ठिकाणी आहेत, नौदलाच्या रुग्णालयांत आणि काही मोठ्या शहरांत. म्हणून तर वेळ महत्त्वाचा.

१३:३०  मग मालवणला जायचं की नाही?

जा की! तिथे पर्यटकांना जी डाइव्ह देतात ती उथळ आणि थोड्या वेळाची असते, इन्स्ट्रक्टर तुम्हाला धरूनच असतो. एवढ्याशा वेळात नायट्रोजन फार मुरत नाही. तिथला धोका वेगळा आहे.

एक, श्वास रोखणं. १० मीटरवर फुप्फुसं भरून श्वास रोखलात आणि वर आलात, तर आतली हवा दुप्पट जागा मागते. फुप्फुसं फाटतात, हवा रक्तात शिरते, थेट मेंदूपर्यंत जाऊ शकते. छाती पूर्ण भरलेली असेल तर जेमतेम सव्वा मीटर वर येणंही पुरतं. म्हणून डायव्हिंगचा पहिला नियम: श्वास कधीही रोखायचा नाही. मास्कमध्ये पाणी शिरलं, घाबरायला झालं, तरी श्वास चालू ठेवायचा. वर धूम ठोकायची नाही.

दोन, कान. दुखायच्या आधीच नाक दाबून हलकेच हवा सोडायची. सर्दी असेल तर त्या दिवशी डाइव्ह नको, पैसे बुडाले तरी चालतील.

तीन, बोट. २०२२ च्या मे महिन्यात तारकर्लीजवळ स्कूबा करून परतणाऱ्या पर्यटकांची बोट उलटली आणि माणसं गेली. म्हणजे लाईफ जॅकेट, बोटीत किती माणसं बसवलीत, समुद्र कसा आहे, हे सगळं डायव्हिंगच्या सुरक्षिततेतच येतं.

पैसे भरण्याआधी एक प्रश्न विचारा: "दादा, बोटीवर ऑक्सिजन किट आहे का? दाखवता का?" उत्तर देताना समोरचा गडबडला तर तुम्हाला तुमचं उत्तर मिळालं. आणि तब्येतीचा फॉर्म देतात ना, तो डोळे मिटून 'नाही, नाही, नाही' करत भरू नका. दमा, हृदयाचा त्रास, फिट्स, झालेली ऑपरेशन्स, खरं लिहा.

१५:१०  विमान आणि घाट

विमानाच्या केबिनमधला दाब समुद्रसपाटीइतका नसतो. साधारण २,४०० मीटर उंचीच्या डोंगरावर असावा इतका कमी होऊ शकतो. म्हणजे बाटलीचं झाकण आणखी सैल. म्हणून एकच साधी डाइव्ह केली असेल तर किमान १२ तास, अनेक डाइव्ह किंवा अनेक दिवस डायव्हिंग केलं असेल तर किमान १८ तास विमान नको. मी तरी सरळ २४ धरतो.

आता आपल्याकडची गंमत. आपल्याला विमानाचीसुद्धा गरज नाही, सह्याद्री आहे! डायव्हिंगच्या हिशेबात साधारण ३०० मीटरच्या वर 'उंची' सुरू होते. पुणे, कोल्हापूर साडेपाचशे मीटरच्या आसपास, आंबोली त्याहून वर, महाबळेश्वर तेराशेच्या पुढे. पंधरा मिनिटांच्या पर्यटक डाइव्हनंतर फार काळजी नको. पण तारकर्लीला किंवा नेत्राणीला कोर्स करताय, दोन दिवसांत चार-पाच डाइव्ह झाल्यात, आणि रविवारी दुपारी शेवटची डाइव्ह उरकून सोमवारच्या स्टँडअपसाठी थेट घाट चढायचा बेत आहे? एक रात्र किनाऱ्यावरच काढा. मासे खा, पाणी प्या, झोपा. मॅनेजरला काय सांगायचं ते तुम्ही बघा.

१६:२०  तुमचे प्रश्न

'डाइव्हनंतर जिमला गेलं तर चालेल?' त्या दिवशी नको. जोराच्या व्यायामाने बुडबुडे वाढू शकतात. लगेच कढत पाण्याची अंघोळही टाळा.

'मालवणला दुपारी स्कूबा, रात्री मोपावरून विमान, चालेल का?' डाइव्ह उथळ असली तरी १२ तासांचा नियम पाळा. स्कूबा पहिल्या दिवशी करा, किल्ला शेवटच्या दिवशी बघा.

'स्नॉर्केलिंगमध्ये पण होतं का हे?' पृष्ठभागावर तरंगत नळीने श्वास घेत असाल तर नाही, कारण दाबाखालची हवा तुम्ही घेतच नाही.

'कोर्स केल्यावर किती खोल जाता येतं?' पहिल्या पायरीच्या परवान्यावर १८ मीटर, पुढच्या पायरीला ३०, आणि हौशी डायव्हिंगची शेवटची मर्यादा ४०. १८ मीटरवर प्रचलित कोष्टकाप्रमाणे पहिल्या डाइव्हला ५६ मिनिटं मिळतात, ३० मीटरवर फक्त २०. खोल गेलं म्हणजे जास्त बघायला मिळतं असंही नाही. रंग तर उथळ पाण्यातच जास्त दिसतात.

'तुमचा मित्र परत गेला का पाण्यात?' हो. डॉक्टरांनी आधी तीन दिवस विमान बंद केलं, मग काही महिने डायव्हिंग. हृदयाची तपासणी झाली, मग परवानगी मिळाली. त्याचं काय बदललं सांगू? आता बोटीवर परत आला की तो स्वतःहून सांगतो, "उजवा खांदा ठीक, बोटं ठीक, थोडा दमलोय." आधी आम्ही हसायचो. आता आम्हीही तसंच सांगतो, एकेक जण, आणि बाकीचे ऐकतात.

तुमच्या ग्रुपमधलं कुणी या सुट्टीत डायव्हिंगला निघालं असेल तर त्याला हा एपिसोड पाठवा. ऐकायला वेळ नसेल तर निदान लक्षणांची यादी स्क्रीनशॉट काढून ठेवायला सांगा, कारण समुद्रात रेंज नसते.

भेटू पुढच्या एपिसोडमध्ये. श्वास चालू ठेवा!